सपाटीचे काका

या जगात वाकडं म्हणून काही शिल्लक असेल, तर ते रोह्याच्या आमच्या काकांच्या हाती लागलं नाही म्हणूनच. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये. शिफ्टवरून आले की डबा खाली ठेवायच्या आधी पायपुसण्याचं टोक सरळ करायचे. इस्त्री केल्याशिवाय वर्तमानपत्र वाचायचे नाहीत. पाहुण्यानं पुस्तकातल्या पानाचा कोपरा दुमडला, तर त्याला चहा मिळे, पण बशी मिळत नसे. एकदा कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थांची कॉलर त्यांनी सरळ केली आणि वर "आता बसा निवांत" म्हणाले!

नव्वदीच्या दशकात मी मुंबईत पीएचडी करत होते. एका अणूइतक्या जाडीचा सिलिकॉनचा पत्रा टिकेल का, हा विषय. असा पत्रा कोणी पाहिलेला नव्हता. सगळा कारभार कॉम्प्युटरवरच्या गणितात. कार्बनचे अणू षटकोनी जाळीत सपाट बसतात, म्हणून मीही सिलिकॉनचे अणू एका पातळीत डांबले होते. उत्तर दरवेळी एकच: अस्थिर. सरांनी महिन्याची मुदत दिली. नंतर विषय बंद, तीन वर्षं पाण्यात. मी तोंड पाडून रोह्याला आले आणि जेवताना हे सगळं रडगाणं काकांना ऐकवलं.

मावशीचं माहेर पेणचं. तिनं पोह्याचे पापड घातले होते आणि उन्हात वाळून ते चांगले वाकले होते. काकांना ते बघवेना. त्यांनी रात्री गुपचूप सगळे पाटाखाली दाबले आणि वर वाटणाचा दगडी पाटा चढवला. सकाळी मावशीनं पाट उचलला तर खाली चुरा!

"अवो, वाळला की पापड वाकनारच! वाकू दिला तर टिकतो, दाबलात तर मोडतो. एवढं पन कळत नाय?"

काका जन्मात पहिल्यांदा ओशाळले. चुऱ्यातला एक तुकडा उचलून निरखला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा पत्रा पन तू दाबून ठेवलायस का गो?"

ठेवलाच होता. मुंबईला परतून मी एक अणू किंचित वर, शेजारचा किंचित खाली जाऊ दिला. पत्र्याला बारीक सुरकुती पडली आणि तो स्थिरावला. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते काकांमुळे, हे मी आजही कोणालाही सांगते. प्रबंधात आभाराच्या पानावर सरांच्याही आधी त्यांचं नाव घातलं आणि एक प्रत रोह्याला नेऊन दिली. काकांनी ती उलटसुलट पाहिली. "बाइंडिंग जरा वाकडं हाय," एवढंच म्हणाले. मी थोडी हिरमुसलेच.

काका गेल्यावर मावशीनं ती प्रत माझ्या हातात ठेवली. सगळी पानं अगदी कोरी करकरीत. फक्त एका पानाचा कोपरा दुमडलेला होता, बोटं लागून लागून मळलेला. आभाराचं पान.

मी तो कोपरा सरळ केलेला नाही.