गावाचा सहा वर्षांचा दुखवटा

मी आमच्या गावच्या यात्रा कमिटीचा सचिव आहे. मधली सहा वर्षं गावात यात्रा भरली नाही, कमिटी मात्र होती. दर फाल्गुनात बैठक व्हायची, चहा व्हायचा आणि मी रजिस्टरात लिहायचो : "मागील ठराव कायम." छत्तीस वर्षं पोस्टमन होतो, पण इतकं सोपं काम पोस्टातही कधी मिळालं नाही.

ठराव छबुबाईच्या सत्यमच्या नावानं होता. छबुबाईला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आमचं गाव पालीच्या पुढं, धरणाच्या अंगाला. छबुबाई आणि तिचा नवरा आश्रुबा दसरा झाला की ऊस तोडायला जायचे आणि चैत्राच्या तोंडावर परत यायचे. सत्यम उसाच्या फडातच, पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात वाढला. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. आश्रुबा वारल्यावर छबुबाई एकटी जायला लागली, तर तिला अर्धा कोयता म्हणायचे. या अर्ध्या कोयत्यानं पोराला बारावी केलं. पोरगा फौजेत लागला त्या दिवशी तिनं कोयता आढ्याला खोचला आणि दोन शेरड्या घेतल्या.

बाई कमी बोलणारी. दारात कुणीही येवो, तिचा पहिला प्रश्न एकच, "जेवलाव का?" मी टपाल घेऊन जायचो तेव्हा हातातल्या कागदाकडं न बघता आधी हेच विचारायची. तार असली तरी.

सत्यम दिवाळीला यायचा नाही, पण चैत्रातल्या भैरोबाच्या यात्रेला रजा काढून यायचाच. ऊसतोडीला गेलेलं सगळं गाव तेव्हा घरी असतं. सत्यम यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडात उतरायचा आणि दर वर्षी पहिल्याच फेरीत हरायचा. एकदा तर पालीच्या एका पोरानं त्याला अर्ध्या मिनिटात चितपट केलं, मी घड्याळ लावून बसलो होतो. गडी हसत उठायचा, माती झाडत घरी जायचा आणि आईच्या हातच्या आठ पुरणपोळ्या खायचा. आठ. हेही मी मोजलेलं आहे, कारण मी शेजारी जेवायला असायचो.

सहा वर्षांपूर्वी फाल्गुनात तो सीमेवरच्या चौकीत मारला गेला. यात्रेची रजा मंजूर झाली होती.

पेटी गावात आली तेव्हा बीडहून साहेबलोक आले, पाच तालुक्यांची माणसं आली. आमचे सुंदरराव, म्हणजे गावचे मोठे बागायतदार आणि यात्रा कमिटीचे कायमचे अध्यक्ष, माईकवर चढले. "सत्यमचा बदला पुरा झाल्याबिगर ह्या गावात यात्रा भरणार न्हाई! आन तोवर मी तोंडात गोड घालणार न्हाई!" टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्याच महिन्यात सुंदररावांना बीडच्या डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला होता. योगायोग म्हणून नोंदवतो.

पहिल्या वर्षी गावाला अभिमान वाटला. दुसऱ्या वर्षी लेकीबाळींनी माहेरी येणं सोडलं, यात्राच नाही तर येऊन काय करायचं. तिसऱ्या वर्षी कुस्त्यांचा फड लावणारा म्हाळू बैठकीत उठला आणि म्हणाला, "औंदा भरवू की."

"दोन वर्सं पाळलं ते पाण्यात घालायचं का बे?" सुंदरराव म्हणाले. म्हाळू खाली बसला.

पुढच्या साली त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तीन वर्षं पाण्यात जात होती. मग चार. यात्रा कुणालाच बंद नको होती, आणि बंद उठवा म्हणायची छाती कुणाचीच होत नव्हती. जितकं जास्त पाळलं तितकं सोडणं अवघड. मला हे कळत होतं. कळून मी काय करत होतो, तर अक्षर चांगलं काढत होतो.

यात एक अडचण होती ती वेगळीच. आमच्याकडं ज्या घरचं माणूस गेलं त्या घरात पुरण शिजत नाही, सण होत नाही. मग सोयऱ्याधायऱ्यातलं कुणीतरी येतं, गोडाचा घास भरवतं आणि दुखवटा निघतो. आपला दुखवटा आपण काढायचा नसतो, दुसऱ्यानं काढायचा. पण इथं सगळं गावच दुखवट्यात बसलेलं. छबुबाईला घास भरवायला गेलं तर ठराव मोडला असता, म्हणून कुणी गेलंच नाही. तिच्या मानासाठी आम्ही तिला सहा वर्षं पुरणाशिवाय ठेवलं.

गेल्या साली सीमेवर पुन्हा गोळाबार झाला. काही दिवस चालला, मग थांबला. सुरू झाला तेव्हा चौकात फटाके उडाले. त्या काही दिवसांत गेवराईकडचा एक जवान गेला. राम त्याचं नाव, भामाबाईचा एकुलता एक. त्याच्या अंत्यविधीला छबुबाईला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, वीरमाता म्हणून. मी तिला एसटीनं घेऊन गेलो होतो. सुंदररावांना तिथंही माईक मिळाला. "रामनं आमच्या सत्यमच्या बदल्यापायी जीव दिला!" ते म्हणाले. भामाबाईनं मान वर केली आणि सरळ छबुबाईकडं बघितलं.

तेरावा झाल्यावर छबुबाई माझ्या दारात आली. "त्रिंबकभाऊ, गेवराईला येता का?" हातात डबा होता आणि डब्याला पुरणाचा वास होता. मी चपला घातल्या.

भामाबाई भिंतीला टेकून बसली होती. आम्ही टेकलो तशी म्हणाली, "तुझ्या पोरासाठी माझं गेलं म्हणं." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आता माझ्यासाठी कुणाचं जायचं हाय, ते बी सांगून टाका."

"मी न्हाई मागितलं, बाई," छबुबाई म्हणाली.

"मंग कुणी मागितलं?"

मी माझ्या पायांकडं बघायला लागलो. घरी रजिस्टरात माझ्या हातचे सहा ठराव होते. मला त्या दिवशी जी लाज वाटली तशी जन्मात कधी वाटली नव्हती.

"जेवलीस का?" छबुबाईनं विचारलं. डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तिला भरवला. भामाबाईनं तो किती तरी वेळ तोंडात धरला. मग गिळला, दुसरा तुकडा मोडला आणि छबुबाईच्या तोंडात घातला. दुखवट्यातल्या माणसाला दुसऱ्याचा दुखवटा काढता येत नाही. मी सचिव आहे, मला नियम माहीत असतात. हे मी रजिस्टरात लिहिलं नाही.

यंदाच्या फाल्गुनात बैठक भरली. सुंदररावांच्या अंगात जोर होता. "लढाई अर्ध्यात थांबवली. हा सत्यमचा आन रामचा अपमान हाय. सरकारला ठराव धाडू, पुन्ना सुरू करा म्हणून. तोवर यात्रा बंदच." आता हुतात्मे दोन झाल्यामुळं ठरावाचं वजन दुप्पट झालं होतं. म्हाळूनं तर या खेपेला तोंडच उघडलं नाही. मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात छबुबाई आत आली. कमिटीच्या बैठकीत बाईमाणूस येत नाही, त्यामुळं तिला बस म्हणावं की जा म्हणावं, हे कुणालाच सुचेना. ती सुंदररावांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"जेवलाव का, सुंदरराव?"

"जेवलो, मावशी. काय काम काढलं?"

"दुखवटा काढायला आले. गावाचा." तिनं डबा टेबलावर ठेवला.

"आवं, बदला कुटं पुरा झालाय अजून?"

"माझ्या पोराच्या नावानं भामाबाईचं गेलं. आता तिच्या पोराच्या नावानं अजून एक जाईल. त्याची बी माय असंल कुटं तरी. तिच्या दारात पोळी घिऊन मीच जाईन, दुसरं कोण जातंय? पण तितं तिला काय सांगू, ते तुमी लिवून द्या."

सुंदरराव माणूस वाईट नाही. त्यांनी खरंच मनापासून विचारलं. "मंग सत्यम कशापायी मेला, मावशी? फुकट गेला का त्यो?"

मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही.

"त्यो पहाऱ्यावर हुता. जागा सोडली न्हाई आन मेला. त्याचं काम त्यानं पुरं केलं. ते अपुरं हाय, असं तुमाला कुणी सांगितलं?"

सुंदररावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि छबुबाईनं पोळीचा तुकडा त्यांच्या तोंडापाशी नेला.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "मला शुगर हाय." सहा वर्षांत गावाला हे पहिल्यांदाच कळलं.

"घास लहान हाय," छबुबाई म्हणाली.

त्यांनी खाल्ला. मग तिनं म्हाळूला भरवला, मग एकेकाला, शेवटी मला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पुरणात वेलदोडा जास्त पडला होता, असं मी म्हाळूला सांगितलं.

यात्रा भरवायचं ठरलं. सुंदरराव सावरले आणि लगेच पुढाकार घेतला : शेवटची कुस्ती जिंकणाऱ्याला सत्यमच्या नावानं चांदीची गदा द्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. छबुबाई दारातून परत फिरली.

"जितणाऱ्याला कुणी बी देतंय. सत्यमच्या नावानं द्यायचं असंल, तर पहिल्या कुस्तीत हरंल त्याला माझ्या घरी जेवायला धाडा."

"हरणाऱ्याला, मावशी?"

"हरलेलं पोरगं घरी येतं, सुंदरराव. माझं दर वर्साला येत हुतं."

मी तसं रजिस्टरात लिहून घेतलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा नवं वाक्य लिहिलं, त्यात दोनदा खाडाखोड झाली.

चैत्रात यात्रा भरली. पहिली कुस्ती वीस मिनिटं लांबली, कारण दोघंही गडी हरायला बघत होते. शेवटी म्हाळूनं शिव्या घातल्या तेव्हा कुठं एकाची पाठ लागली. त्याला घेऊन मी छबुबाईकडं गेलो. गेवराईहून भामाबाईही आली होती, ती चुलीपाशी पोळ्या लाटत होती. छबुबाईनं गड्याच्या पाठीवरची माती झाडली, "जेवलास का?" विचारलं आणि ताटात एकदम आठ पोळ्या वाढल्या.

पोरगं धट्टंकट्टं होतं, पण पाचव्या पोळीला थांबलं. छबुबाईनं त्याला आग्रह केला नाही. उरलेल्या तीन पोळ्या तिनं डब्यात भरल्या नाहीत, आम्हालाही वाढल्या नाहीत. त्या ताटावर तशाच राहू दिल्या आणि भामाबाईच्या शेजारी जाऊन बसली.