वैशालीनं उतरवलेली पानं

शेजारच्या घरात कान ठेवणं चांगलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण वैशालीचा फोन कायम स्पीकरवर, आणि आमच्या दोघींच्या अंगणात कमरेएवढीच भिंत. मग किस्से साचतात, त्याला मी काय करणार?

वैशाली इथं अमरावतीत घरी बसून लहान धंदेवाल्यांच्या वेबसाइट सांभाळते. या वेबसाइट ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतात, तिनं यंदा ते नवं केलं, आणि लोकांनी हौसेनं सजवलेली जुनी पानं त्यात चालेनात. बटण दाबलं तरी ऑर्डर पोचेना. इलाज एकच. सजावट उतरवायची आणि कंपनीचं मूळ कोरं पान परत आणायचं.

ती एकेक पान उतरवत गेली. अकोटच्या नानांचं मात्र मागे ठेवलं. त्यांची फुलझाडांची नर्सरी. पान त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, स्वतः शिकून मांडलं होतं. त्या मागच्या उन्हाळ्यात गेल्या. नाना फोनवर एवढंच म्हणाले होते, "तिचं पान नको मोडू बेटा."

*

तिवस्याच्या मंगल कार्यालयवाल्याच्या पानावर झेंडूचं तोरण हलायचं, सनई वाजायची. ते सगळं गेलं. त्याचा फोन आला, "मॅडम, हे पान लग्नाचं हाये का तेरवीचं?"

"भाऊ, बुकिंग तं होऊन राहिलं ना?"

"होते. पण पोरीचे मायबाप आवाज खाली करून बोलून राहिले मायासंग."

*

हिवरखेडच्या पापडवाल्या मावशींचा पानावर लाटण्यासकट फोटो होता. मूळ पानावर आला कंपनीचा फोटो, पांढरी टोपी घातलेला कोणी गोरा माणूस. वैशाली तो बदलायच्या आत गावात चर्चा.

"काहून वं वैशाली, लोक विचारून राहिले, हा जावई कोणता?"

"आत्ता काढते मावशी."

"राहू दे दोन दिवस. सैपाकाची टोपी घातलेला माणूस गावानं पायला तरी."

*

आमच्या महिला मंडळाचंही पान आहे. त्यावर आमची नावं वयाच्या मानानं लावलेली होती. मूळ पानानं सगळ्यांना बाराखडीनं लावलं. अर्चना सगळ्यांच्या वर गेली आणि तिची सासू विमलताई तळाला. विमलताई सुनेला म्हणाल्या, "आता चहाबी बाराखडीनंच पाज."

वैशालीनं त्याच संध्याकाळी हातानं क्रम लावला. मी मधे कुठंतरी आहे. माझी तक्रार नाही.

*

मोगऱ्याचे दिवस आले तेव्हा नाना स्वतःच एसटीनं आले. ऑर्डर येत नव्हत्या, रोपं पिशव्यांतच वाळायला लागली होती. मी भिंतीजवळ मेथी निवडत होते.

वैशालीनं अंगणातच लॅपटॉपवर त्यांच्यासमोर जुनं पान उघडलं. फोटो जरा तिरपे होते, एका कोपऱ्यात शांताबाईंचं बोट आलेलं.

"नाना, हे मी जपून ठेवते. तुमाले केवाबी पायता येईन. फक्त लोकाइले दिसणार नाही."

"तिनं लोकाइसाठीच केलं होतं," नाना म्हणाले. मी मेथी खाली ठेवली.

"रोपं वाळू देनं तिले चाललं नसतं. कर बेटा."

वैशालीनं बटण दाबलं. पांढरं पान आलं. नाना त्याच्याकडे पाहत राहिले.

"नाना, दुकानाची वेळ काय टाकू? इथं चोवीस तास आलं आपोआप."

"दुपारी एक ते चार बंद टाक. तिनं लिहिलं होतं खाली, या वेळेत फोन करू नये, आमचे हे झोपतात."

"झोपता तुमी दुपारी?"

"आता कुठची झोप."

"मंग चालू ठेवू का? दुपारीच जास्त ऑर्डरी येतात."

"नको," नाना म्हणाले. "फोन वाजला का ती रागावते."