कृष्णविवराचा उत्तररंग

या, जरा पुढे सरून बसा. मागे भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. आवाज चढवला तर ती विरून जाईल. आमच्या वामनबुवा केळुसकरांना एका दुपारी, डोळा लागता लागता, त्यांची गेलेली लेक भेटली, ते सांगतो. गोड शेवट मात्र मागू नका.

वामनबुवा आमच्या किनाऱ्यावरचे कीर्तनकार. त्यांना एकच लेक, ऋजुता. ती खगोलशास्त्रज्ञ झाली आणि आपल्या आसपासच्या दीर्घिकांच्या पोटात जी प्रचंड कृष्णविवरं दडलेली असतात, त्यांचं वजन काढू लागली. बुवांनी तो शब्द ऐकला मात्र, आणि पुढच्याच जन्माष्टमीला नारदाच्या गादीवर उभं राहून सांगून मोकळे झाले की कृष्णविवर म्हणजे साक्षात श्रीकृष्णाचं विवर, आणि भोवती फिरणारे तारे म्हणजे गोपी. मंडपाने माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या लेकीने तेवढा कपाळाला हात लावला. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, इथे कृष्ण म्हणजे नुसतं काळं."

"मग आमचा कोण गोरा आहे?" बुवा म्हणाले. ती हसता हसता पाटावरून कलंडली.

मागच्या वर्षी तिला रक्ताचा आजार झाला. शेवटी शेवटी तिने हट्ट धरला की बाबांनी खाटेशेजारी उभं राहून कीर्तन करावं. बुवांनी दबक्या आवाजात पूर्वरंग लावला. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात, आणि मग उत्तररंगात कथा सुरू होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे बुक्का लावायचा मान ऋजुताचा, परकरात होती तेव्हापासूनचा. त्या दिवशीही बुवा तिच्यापुढे वाकले. वाकून उभेच राहिले. डबी तिच्या हातातून चादरीवर पडली. उत्तररंग राहून गेला.

अस्थींबरोबर बुवांनी ती बुक्क्याची डबीही समुद्रात सोडली. घरात पुन्हा बुक्का आणू दिला नाही, आणि गादीवर पाय ठेवला नाही. आता संध्याकाळी देवस्थानचे भाई तेंडोलकर देवळाच्या चिपळ्या परत न्यायला यायचे आहेत. बुवांनीच निरोप धाडला होता की दुसरा कुणी बघा, माझं कीर्तन संपलं. चिपळ्या फडक्यात बांधून ओटीवर ठेवल्या आहेत. इंदूताई, म्हणजे बुवांची बायको, त्यावर काही बोललेल्या नाहीत. त्या हल्ली बोलतच नाहीत, नुसत्या कामं करतात. बुवांच्या मनात कधी कधी येतं, आई असून हिला झळ कशी लागली नाही?

तर दुपार आहे. बुवा ओटीवर आडवे झालेत. वर पंखा फिरतोय. पापणी जड होते आणि पंख्याच्या वाऱ्याला ऋजुताच्या वेधशाळेच्या डोंगरमाथ्यावरचा गारठा चढतो. पायरीवर कुणीतरी बुटांच्या नाड्या सोडतंय. आजारात गेलेले तिचे केस परत आलेत, पूर्वीसारखे लांब.

"झोपलात का बाबा?"

"नाही गं. पडलोय नुसता."

बुवांना नवल वाटत नाही. ते उठून पायरी उतरतात. पायाखाली अंगण लागायला हवं, तर देवळाच्या सभामंडपाची गार फरशी लागते. समया लागलेल्या आहेत. गाभारा असायला हवा तिथे काहीच नाही. म्हणजे अंधारही नाही, अंधाराला निदान खोली तरी असते. त्या काहीच नाहीच्या भोवती माणसं हातात निरांजनं घेऊन फिरताहेत. वर घंटेच्या साखळीला घंटेऐवजी सलाइनची बाटली टांगलेली आहे आणि ती थेंब थेंब गळतेय.

बुवा विचारतात, देव कुठे नेले? ऋजुता म्हणते, ते दिसायचं नाही, पण वजन काढता येईल. आणि ती कामावर असल्यासारखी बोलू लागते. आपल्याकडे येणाऱ्या दिव्याचा उजेड किंचित निळा होतो, दूर जाणाऱ्याचा तांबडा. त्यावरून वेग कळतो. जो मध्याच्या जितका जवळ, तो तितका वेगाने फिरतो. मधलं जितकं जड, तितका तो वेग जास्त. बुवा मान हलवतात. हे तिने पूर्वी चहाच्या कपात चमचा ढवळून समजावलं होतं. तेव्हा चहा बशीत सांडला होता.

"यात मी कुठे आहे?" बुवा विचारतात.

ती बोट दाखवते. खूप लांब, मंडपाच्या पायरीपाशी एक दिवा संथ फिरतोय.

"तो मी? एवढा लांब?" बुवा दुखावतात. "ऋजू, मी गाणं सोडलं तुझ्यासाठी."

"हो ना. सोडलंत आणि लांब जाऊन बसलात." तिच्या आवाजात राग नाही, तेच बुवांना जास्त लागतं. "आत बघा. अगदी आत."

बुवा डोळे बारीक करतात. त्या काहीच नाहीच्या कडेला एक दिवा इतक्या वेगाने फिरतोय की तो दिवा वाटतच नाही, नुसती रेघ उमटलेली दिसते. मग रेघेत एक हिरवा काठपदर दिसतो. तांब्या घासणारा हात दिसतो. पुन्हा रेघ.

"ही… इंदू?"

"तुम्हाला ती स्थिर वाटते. मोजताना तुम्ही अंतरच चुकीचं धरलंत. अंतर चुकलं की वजनही तेवढंच चुकतं, बाबा."

मंडपाचं छप्पर दोन्हीकडे सरकतं, दुर्बिणीच्या घुमटासारखं. वर आकाश नाही, दवाखान्याच्या व्हरांड्यातले पांढरे दिवे आहेत, एकामागून एक. फिनेलचा वास येतो. बुवा चालू लागतात, सरळ मध्याकडे. पाय आपोआप पडताहेत, उतारावर पडावेत तसे.

"मला ये म्हण," ते म्हणतात. "एकदा म्हण."

"नाही म्हणणार. फार जवळ आलेलं काही मागे फिरत नाही." ती आडवी येऊन उभी राहते. तिच्या दंडावर सुईच्या खुणा आहेत. "आणि आईला कोण आवरील? माझा उत्तररंग द्या, तेवढ्यासाठी आलेय मी."

त्या दिवशी बुवा कुठली कथा लावणार होते, तिला माहीत आहे. गुरुपुत्राची. सांदीपनींचा मुलगा समुद्रात गेला आणि कृष्णाने तो परत आणून दिला, ती.

"ती माझ्याने व्हायची नाही. त्यांचा मुलगा परत आला गं."

"मग तिथपर्यंत नेऊच नका. कृष्ण समुद्रात उतरतो, शंखासुराला फाडतो. त्याच्या पोटात काय सापडतं?"

"मुलगा नसतो पोटात," बुवा हळूच म्हणतात. "शंख असतो."

"तिथे थांबा. माझ्यापुरतं तेवढंच खरं आहे."

आणि ती हात उचलते. बुवा वाकतात. या खेपेला बोट कपाळाला टेकतं, बर्फासारखं गार, आणि व्हरांड्यातले दिवे एकेक करून

पंखा फिरतोय. विहिरीवर भांडं घासल्याचा आवाज येतोय. बुवा घाम पुसायला कपाळावरून हात फिरवतात तर बोटं काळी होतात. सुगंध येतो. घरात बुक्क्याची चिमूट नाही.

ते तसेच अनवाणी मागल्या दारी जातात. इंदूताई तोच तांब्या घासताहेत, केव्हाच लखलखीत झालेला. पुन्हा राख घेतात, पुन्हा घासतात. त्यांच्या बोटांची सालं निघालीत. ही बोटं रोज ताटात वाढत होती आणि बुवांनी ती पाहिली नव्हती.

"इंदू, पुरे."

इंदूताई वर बघतात. कपाळाकडे बघतात. त्यांच्या हातून तांब्या सुटतो आणि घरंगळत जातो.

"तिने लावला?"

बुवा वाकतात, गादीवरून वाकत तसे. इंदूताई त्यांच्या कपाळावरचा थोडा बुक्का बोटावर घेतात, आपल्या कपाळाला लावतात, आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो तो शेजारच्या तीन घरांनी ऐकला. वर्षभर दाबून धरलेला होता तो.

भाई आले तेव्हा दोघं विहिरीच्या काठावरच बसलेली होती. बुवा त्यांना म्हणाले, चिपळ्या राहू द्या, कीर्तन मी करीन, पण कथा शंखापाशी थांबेल. भाई गडबडले.

"म्हणजे मुलगा आणायचा नाही परत?"

"नाही आणायचा."

बुवांनी तसंच केलं, आणि आम्ही ते ऐकलं. आता माझी एवढी विनंती ऐका. घरी जाताना वर बघाल, तेव्हा एखादा तारा दाखवून ती ऋजुता असं पोराबाळांना सांगू नका. दोन ताऱ्यांच्या मधल्या काळोखाकडे बघा आणि तिचं नाव घ्या. ऋजुता वामन केळुसकर. आणि नाव घेताना तिच्या आईला विसरू नका.