अप्पांची हिरवी चाकं

निजामाच्या राज्यात हट्टी माणसं पुष्कळ होऊन गेली असतील, पण ऐन दुष्काळात चारी दिशांना हिरवळ पाहणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या दुबलगुंडीत, आमच्याच शेजारी राहत होता. सारा गाव त्यांना मोटारवाले अप्पा म्हणे. पंचक्रोशीत मोटार त्यांची एकट्याची, आणि ती चालवायची रीतही त्यांची एकट्याची. धोतरावर काळा कोट चढवल्याशिवाय ते तिला हात लावत नसत. बसण्याआधी तिला नमस्कार करत. वाटेत माणूस येवो, म्हैस येवो की नुसतं बाभळीचं झाड येवो, भोंगा सगळ्यांना सारखाच. शिवाय प्रत्येक गावात थांबून ते पुढचा रस्ता विचारत, अगदी सासुरवाडीचासुद्धा. मी तेव्हा हुमनाबादच्या कचेरीत उर्दू अर्ज लिहायच्या कामावर होतो, म्हणून ते मला मुन्शी म्हणत. एकदा मी म्हणालो, "अप्पा, ही वाट तुम्हाला पाठ आहे की." तर म्हणाले, "मला पाठ हाय रे मुन्शी. पण मोटार आलीया ते त्यांना कसं कळावं?"

हे सगळं खपून जाई. गोंधळ व्हायचा तो रंगांचा. अप्पा रंगांची नावं फार अधिकाराने घेत आणि हटकून चुकीची घेत. विटकरी घोंगडीला हिरवी म्हणत, हिरव्या मिरचीच्या ढिगापुढे उभं राहून लाल मिरची मागत. आमचा भाग असा, की दर दोन घरांमागे भाषा बदलते. त्यामुळे मराठी बोलणाऱ्यांना वाटे, कानडीत असंच म्हणत असतील. कानडी बोलणाऱ्यांना वाटे, मराठीत तसं असेल. मोहल्ल्यातले मियाँलोक समजत, की बडा माणूस आहे, मुद्दाम उलटं बोलून आपली गंमत करतोय. या तिहेरी अदबीपायी चाळीस वर्षं त्यांना कुणी टोकलं नाही. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, त्यांनी स्वतःच्या हाताने बैलाची शिंगं रंगवली, एक हिरवं, एक तांबडं, आणि लोकांना दाखवत फिरले, "बघा, दोन्हींत काडीचा फरक न्हाई." गावाने त्याला नवी फॅशन मानलं आणि पुढल्या साली पाच-सहा जोड्या तशाच रंगल्या. त्याहून मोठा घोळ केला तो गिरदावरापुढे. पाऊस दडी मारून बसलेला, पिकं होरपळलेली, नुसती तांबडी माती वर आलेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकरी सरकारी पाहणीला आलेल्या गिरदावराला ते रान दाखवत होते. तेवढ्यात अप्पांची मोटार थांबली. आत बसूनच ते कौतुकाने म्हणाले, "यंदा रान कसं हिरवंगार हाय बघा साहेब." गिरदावर रानाकडे बघे, अप्पांकडे बघे, आणि वहीत काय लिहावं ते त्याला सुचेना. त्या दिवशी लोकांनी अप्पांना मारलं नाही, याचं कारण मोटार वेळेवर सुरू झाली, एवढंच.

पण एकदा हा गोंधळ घरात शिरला. धाकट्या लेकीच्या डोहाळजेवणाला हिरवं लुगडं हवं होतं. अप्पा ते स्वतः बिदरहून घेऊन आले आणि बायकांनी भरलेल्या सोप्यात घडी उलगडली. लुगडं चक्क विटकरी. अप्पांच्या कुटुंबाला आम्ही अक्का म्हणायचो. अक्कांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्ये हिरवं व्हय? पोटुशा पोरीची थट्टा कामून करायलात?" अप्पांचा चेहरा उतरला. "चार लोकांत मला खोटं पाडायलीस? तुझे डोळे गेलेत." शब्द वाढत गेले. लेकीचा कार्यक्रम आटोपला आणि अक्का गाठोडं घेऊन संतपूरला भावाकडे निघून गेल्या. आठवडा गेला, महिना गेला. अप्पांनी बोलावणं धाडलं, तर निरोप्याबरोबर उत्तर आलं, "ज्या घरात माझी चेष्टा होती, तिथं मी येत न्हाई." चूल बंद. अप्पा आमच्याकडे जेवत आणि भाकरी अर्धी टाकून उठत.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी ठरवलं, की मोटारीची चाकं हिरवी करायची. कंपनीतून आली होती ती काळीभोर. "हिरवं म्हंजे काय ते तिला दाखवतो, अन् त्याच चाकांवर तिला घरी आणतो." गाड्यांना रंग देणाऱ्या इरप्पा सुताराला बोलावणं गेलं. त्याने मोटार लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं उतरवली, काचेच्या तुकड्याने काळा रंग खरवडला, घासलेट लावून पुसलं. अळशीच्या तेलात रंग कालवून दोन वाट्या पुढे ठेवल्या, एक पानासारखी हिरवी, एक गेरूची. अप्पांनी बोट ठेवलं ते गेरूवर.

"अप्पा, ह्ये हिरवं न्हाई," इरप्पा म्हणाला.

"तू बी तिच्याच बाजूनं हाईस व्हय?" अप्पा एवढंच बोलले, पण अशा आवाजात, की इरप्पाने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं आणि चारी चाकं गेरूची झाली. रंग वाळायला तीन दिवस लागले. तीन दिवस अप्पा खुर्ची टाकून चाकांवरच्या माश्या वारत बसले होते.

अप्पांबरोबर मी संतपूरला पोचलो तेव्हा अक्का अंगणात तूर पाखडत होत्या. मान वर केली नाही. अप्पा मोटारीशेजारी उभे राहिले, कोट ओढून सारखा केला.

"बघ. चारीच्या चारी. हिरवं म्हंजे काय ते बघ."

अक्कांच्या भावाला हसू फुटलं. "दाजी, आवो ह्ये तर..."

"गप रे," अक्का म्हणाल्या. त्या चाकांकडे बघत होत्या. मग सावकाश बोलल्या, "त्या लिंबाच्या पाल्यावानी झालीत म्हणता?"

अप्पांनी मान वळवून लिंब पाहिला, वाकून चाक पाहिलं, पुन्हा लिंब पाहिला. त्यात थट्टा नव्हती, हट्टही नव्हता. सोनार तोलतो तसं ते दोन्ही मनात तोलत होते. "त्याच्याहून उलीशी फिकी झालीत," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"अन् ते लुगडं?"

"ते तर अस्सल पाल्यावानी होतं. म्हणून तर निवडलो."

सूप अक्कांच्या हातात तसंच राहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं, की या माणसाला हिरवं-तांबडं वेगळं दिसतच नाही. त्या उठल्या आणि आत गेल्या. अप्पांचा धीर सुटला. "मुन्शी, तिला रंग आवडला न्हाई वाटतं."

अक्का बाहेर आल्या त्या गाठोडं घेऊनच. भावाजवळ क्षणभर थांबून हळूच म्हणाल्या, "ह्यांना कुणी हसायचं न्हाई." मग मोटारीत बसल्या. "चला. हिरवीगार झालीत चाकं."

त्या दिवशी अप्पांनी वाटेतल्या प्रत्येक गावात रस्ता विचारला, आणि अक्का प्रत्येक ठिकाणी पदर सावरून बसून राहिल्या. पुढे त्यांनी गावात घरोघर फिरून काय सांगितलं कोण जाणे, पण दुबलगुंडीत तेव्हापासून हिरवे रंग दोन झाले, एक जगाचा आणि एक अप्पांचा. लुगडी अक्का निवडायच्या, श्रेय अप्पांना द्यायच्या. शिंगं रंगवायच्या दिवशी त्या वाटी नुसती पुढे सरकवत आणि अप्पा ती जणू आपणच निवडली अशा थाटात उचलत.

मग दुसरी मोठी लढाई आली आणि पेट्रोल मिळेना. मोटार छपराखाली उभी राहिली, तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. निजामाचं राज्य गेलं. त्याच्या आगेमागे अक्काही गेल्या. त्यानंतर अप्पांच्या तोंडून मी कुठल्याही रंगाचं नाव ऐकलं नाही. दुकानात गेले तर "ते दे" म्हणून बोट दाखवत.

एका दुपारी छपरापाशी बसलो होतो. चाकांवरचा रंग पोपडे धरून गळला होता, खाली गंजच उरला होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, "अप्पा, खरं सांगा, चाकं कुठल्या रंगाची होती?"

अप्पांनी वाकून चाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ती म्हणली त्या रंगाची."