दोन नंबरच्या रिमोटमधला माइक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात भीती वाटावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चहाआधीचा माझा चेहरा... असं बायको म्हणते. त्यामुळे हे लिहिताना मलाच हसू यायला हवं होतं. येत नाहीये.

बावन्नाव्या वर्षी मला एक खूळ आहे — जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवायच्या. गाजलेल्या नाहीत, कोणी न विचारलेल्या. एकीत आपण झुरळ असतो, एकीत नुसते दात घासायचे!

गेल्या उन्हाळ्यातला शनिवार. दुपारचे तीन, जळगावच्या मेहरूणमधलं आमचं घर. असोद्याहून माझे मोठे भाऊ नाना केळीचा घड घेऊन आले होते. मी नवी कॅसेट फुंकर मारून लावली. त्यात एक लांब गल्ली, सगळी सारखी बंद दारं, आणि मिशीवाला बुटका माणूस. तो दार ठोकतो — टक टक टक. त्या जपानी मशीनच्या दोन नंबरच्या रिमोटला माइक असतो. त्यात आपण हाक मारली की दार उघडतं. आपला आवाज टीव्हीतून ऐकू येतो.

नानांना चार शेतं पलीकडे हाक मारायची सवय. ते ओरडले, "कोन आहे रे घरात?"

"नाना, अहो शेजारी येतील!" बायको आतून म्हणाली.

आम्ही हसलो. दार काही उघडलं नाही. नानांनी रिमोट गादीवर ठेवला. आणि टीव्हीतून एका म्हाताऱ्याचा शांत आवाज आला —

"धाकल्याले धाड."

धाकल्या म्हणजे मी. मला तसं म्हणणारे दोघंच — नाना, आणि वारलेले आमचे वडील, आबा. आवाज आबांचा नव्हता. नानांचे ओठ मिटलेले होते, मी बघत होतो.

"धाकल्याले धाड ना बाहेर."

नको असलेला माणूस दारात आला की आपल्याकडे जे करतात, तेच नानांनी केलं. रिमोट उचलून सरळ खोटं बोलले, "तो घरी नही. नरडाण्याले गेला."

पडद्यावरचा बुटका वळला आणि गल्लीतून चालत निघून गेला. मी प्लगच उपटला.

"नाना, नरडाणाच कशाला सांगितलंत?"

"तोंडात तेच आलं रे..."

येणारच. मी तिथल्या कारखान्यात नोकरीला. सोमवार ते शुक्रवार तिथेच, एका रांगेतल्या सहा खोल्यांपैकी एकीत भाड्याने राहतो.

सोमवारी खोलीचं कुलूप काढत होतो, तर घरमालकीण अक्का आल्या. "भाऊ, शनवारले एक म्हतारा बाबा उना व्हता. बठ्ठा सहा दरवाजा ठोकी गया. तुमनी खोलीकडे बोट करीसन 'धाकला कोठे शे' म्हने."

किल्ली कुलपातच ठेवून मी वळलो. "मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगं मी. जळगावले, मेहरूणमा राहतस."

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मशीन माळ्यावर आहे, नोकरी चालू आहे. आमच्या दाराला बेल आहे, ती वाजते. तरी कधी कधी कोणी बोटांनी दार ठोकतं. मग बायको आतूनच सांगते, "ते घरी नाहीत."

कुठे गेलेत, ते मात्र आता आम्ही कोणालाच सांगत नाही.