लालमियाँनी छत उतरवलं

मंठ्यात लग्नाची तारीख काढताना आधी मुलीच्या बापाला नाही, लालमियाँना विचारतात, असं लोक म्हणतात. यात थोडंच वाढवून सांगितलेलं आहे. लालमियाँ मांडववाले, आणि त्यांचं नाव झालं ते कापडाच्या छतानं. जुन्या जालन्यातून स्वतः निवडून आणलेला तलम कपडा, त्याला चुण्या, मधोमध फूल, कडेला गोट्याची, म्हणजे जरीच्या फितीची, झालर. काकासाहेबांच्या मंगल कार्यालयाचा ओबडधोबड स्लॅब त्यांनी वर्षानुवर्षं असा झाकला, की तो दिसतो कसा हे खुद्द काकासाहेबांनाही आठवत नसावं. लालमियाँ गोड माणूस, पण कुणी छताला नाव ठेवलं की दोन दिवस त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

यंदा कार्यालय वाढवलं, आणि आगीपासून बचावाची सोय करायला जालन्याहून सत्यशीला आली. हेच काम शिकलेली, बोलायला मऊ आणि मापाला कडक. धुरावर वाजणारी यंत्रं इथं नकोत, असं तिनं सांगितलं. होम पेटला की ती बोंबलणार आणि वऱ्हाड पळत सुटणार. त्याऐवजी तिनं उष्णता ओळखून घंटा वाजवणारे डिटेक्टर लावले, पालथ्या वाटीएवढे. स्लॅबला खोल तुळया होत्या. तापलेली हवा वर जाते आणि दोन तुळयांमधल्या खणात अडकते, म्हणून तिनं एकही खण रिकामा सोडला नाही. अगदी कोपऱ्यात ती हवा नीट पोचत नाही, म्हणून भिंतीपासूनही अंतर ठेवलं. "चार कमी लावले तर न्हाई का चालणार?" असं काकासाहेबांनी विचारून पाहिलं. चाललं नाही.

मग ती लालमियाँकडे वळली. "चाचा, आता याच्याखाली कपडा बांधता येणार न्हाई."

लालमियाँ हसले. पोरगी थट्टा करते आहे असंच त्यांना वाटलं. ती थट्टा नव्हती हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. खुर्च्या आणि गाद्या काय, कुणीही भाड्यानं देतं. छत गेलं तर लालमियाँ म्हणून उरलं काय?

पण गप्प बसणारा हा माणूस नव्हे. त्यांची बायको नूरबी शिलाईत तरबेज. दोघांनी मिळून कापडात प्रत्येक वाटीच्या बरोबर खाली येईल असं गोल भोक पाडलं आणि त्याला गोट्याची किनार लावली. छत चढलं. वाट्या भोकांतून दिसू लागल्या. लालमियाँनी मोठ्या झोकात सत्यशीलेला बोलावून घेतलं. "बघ बेटी. तुझं बी झालं, माझं बी झालं."

किनार सत्यशीलेला मनापासून आवडली. तिनं तसं सांगितलंही. मग तिनं गरम हवा फेकणारं यंत्र लांब काठीला बांधलं आणि भोकापासून बाजूला, कापडाच्या खाली धरलं.

"भोकाखाली धर की!" लालमियाँ ओरडले.

"आग काय भोक बघून लागणार हाय का, चाचा?"

सगळे माना वर करून थांबले. घंटा वाजेना. गरम हवा कापडाला अडून खालच्या खालीच पसरत होती. गंमत अशी, की ती घंटा आता सगळ्यांत जास्त लालमियाँनाच हवी होती. "वाज की गं," ते पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांपुढे खालच्या रिकाम्या खुर्च्या भरल्या. लेकरं, म्हातारी माणसं, नटलेल्या बाया, डोक्यावर आपलंच कापड, आणि आग लागली तरी वरच्या वाटीला पत्ता नाही.

दोरीची गाठ कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक. कुणाला न विचारता त्यांनी ती सोडली आणि छताचा एक पट्टा सळसळत खाली आला. सत्यशीलेनं यंत्र पुन्हा त्याच जागी धरलं. थोड्याच वेळात घंटा अशी दणाणली की काकासाहेबांनी कान झाकून घेतले.

"उतरवा सगळं," लालमियाँ म्हणाले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन रडले. रडण्यासारखंच होतं ते.

घरी नूरबीनं त्यांना फार वेळ रडू दिलं नाही. "कपडा हैच, हात हैच, फिर रोते कायकू?"

गावातल्या पुंजारामच्या लेकीचं, पायलचं, लग्न तोंडावर आलं होतं. लालमियाँनी सत्यशीलेकडून भिंतींवर खडूची रेघ मारून घेतली. याच्यावर कपडा जायचा नाही, दारांसमोर यायचा नाही. स्लॅबला नुसता पांढरा रंग दिला. मग जे वर होतं ते सगळं खाली आणलं. भिंतींवरून चुण्या सोडल्या, खांबांना गुंडाळल्या, झालर जमिनीजवळ आली. सत्यशीलेनं फिरून पाहिलं आणि मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी लालमियाँ दाराशी उभे राहिले. आजवर माणसं आत शिरली की थबकून वर बघायची, तो क्षण त्यांना मजुरीपेक्षा प्यारा. आज कुणीच वर बघितलं नाही. आपलं संपलं, असंच त्यांना वाटलं.

तेवढ्यात पुंजारामची थोरली बहीण पुष्पाबाई भिंतीच्या कडेनं हळूहळू येताना दिसली. लहानपणापासून तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिचा हात कपड्याला लागला आणि ती थांबली. एक चुणी तिनं बोटांत धरली, मग दुसरी, मग फूल.

"लालमियाँ कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"हितंच हाय, बाई."

"घरच्या समद्या लग्नांत लोकं म्हणायची, लालमियाँचं छत लई भारी. मी मान वर करून बसायचे, लोकं बसायची तशी." तिची बोटं कापडावरून फिरतच होती. "मला आज घावलं तुमचं काम."

लालमियाँ खाली वाकले, झालरीची कड उचलली आणि पुष्पाबाईच्या हातात दिली.

"ह्याला गोटा हाय, बाई," ते म्हणाले. "नूरबीनं लावलाय. तो बी बघा."