दराच्या फळ्याचा खालचा अर्धा भाग

सकाळी दूध घालायला माणसं रांगेत उभी होती आणि मी फळ्यावर दर लिहीत होतो, तेव्हा नसीमच्या धाकट्या भावाचा, जावेदचा फोन आला. "आपा गेली," एवढंच तो म्हणाला. आजार जुना होता, पुण्याच्या दवाखान्यातून येणारी खबर दर आठवड्याला वाईट होत होती, म्हणजे मनाची तयारी असायला हवी होती... नव्हती. नसीम माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी घाटनांदूरच्या आमच्या दूध संस्थेचा सचिव, ती कृष्णविवरांवर काम करणारी शास्त्रज्ञ. या दोहोंचा संबंध काय, असं कुणी विचारलं की मी या फळ्याकडे बोट दाखवतो.

दुष्काळाच्या त्या वर्षी तिचे वडील रहीमचाचा अर्धांगवायूनं आडवे झाले. त्यांचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तसंही काम नव्हतंच. बोअर कोरडे पडल्यावर मोटार दुरुस्त करून लावायची कुठं? धाकटा जावेद अजून शिकत होता, म्हणून नसीम रजा टाकून आली. दुकानामागचं पत्र्याचं घर दिवसभर तापायचं आणि दिवस मावळला तरी निवायचं नाही. इकडं निम्मी गुरं छावणीत गेलेली, त्यामुळं संस्थेत संध्याकाळचं संकलन बंद होतं. एका संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, "तुझा फळा दे." मी म्हणालो, त्यावर दर असतात. "ते सकाळी. संध्याकाळी काय करतोस त्याचं?" तिच्याशी वाद घालून मी शाळेतही कधी जिंकलो नव्हतो. वरचा अर्धा भाग दरांना, खालचा तिला, असा करार झाला.

आपण काय करतो ते ती कधी टाळून सांगायची नाही, आणि समोरच्याला कळणार नाही असंही धरून चालायची नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात, त्यांचं गणित भयंकर अवघड. तिच्याबरोबर संशोधन करणाऱ्या मंडळींनी भलतीच वाट धरली होती. सूक्ष्म कण लांबून येतात, एकमेकांजवळून जातात, वळून दूर निघून जातात, त्यासाठी जे पुंजभौतिकीचं, म्हणजे क्वांटमचं गणित असतं, तेच कृष्णविवरांना लावायचं. मग त्यातून सूक्ष्म जगाचं तेवढं गाळून टाकायचं. मागं राहतं ते मोठ्या जगाचं. "अरे, मी त्यांना फिरताना बघतच न्हाई. लांबून कशे आले आन् किती वळून गेले, तेवढ्यावरून त्यांच्यातली ओढ कळती. मग तीच ओढ फिरणाऱ्या जोडीला लावायची." सांगताना तिचे हात हवेत एकमेकांना चुकवत जायचे. मला निम्मं कळायचं, पण ते हात बघायला मी रोज थांबायचो.

एकदा मात्र घोटाळा झाला. सकाळी मी घाईत वर दर लिहिले आणि खालचं पुसायचं राहिलं. दरांच्या खाली वजाबाकीच्या चिन्हांचं पीक आलेलं, आणि दर कमी होणार ही आवई तर आठ दिवस गावात फिरत होती. रांगेतल्या भगवानकाकांनी किटली खाली आदळली. "सचिव, ही कपात कामून लावली रं? चारा बघ काय भावानं हाय." बघता बघता सगळी रांग ओट्यावर चढली. कुणीतरी नसीमला बोलावून आणलं. तिनं आधी सगळ्यांची माफी मागितली, मग खडू घेऊन त्या ओळी पहिल्यापासून समजावून सांगितल्या. दूध नासायला आलं तरी कुणी हललं नाही. शेवटी भगवानकाकांनी विचारलं, "पर ताई, ह्याचा उपेग काय?" ती म्हणाली, "आज तरी काय न्हाई, काका." त्यांना ते उत्तर आवडलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी त्यांनी पावशेर दूध वेगळं आणायला सुरुवात केली.

त्याच महिन्यात तिच्यावर खरी वेळ आली. तिचं उत्तर संथ चालणाऱ्या जोडीला नेमकं बसत होतं, पण वेग प्रकाशाच्या जवळ नेला की आकडा अमर्याद फुगायचा. बरोबरचे लोक म्हणाले, तेवढं बोलू नकोस, छापून टाक; तुझी मुदतीची नेमणूक वाढायची आहे. मी तर उघडच म्हणालो, कोण बघायला बसलंय. ती म्हणाली, "मी बसलेय की बघायला." तिनं स्वतःच सगळ्यांना कळवलं, आमचं उत्तर अपुरं आहे. नेमणूक वाढली नाही. वर्षभर ती अंबाजोगाईला बसनं जाऊन शिकवण्या घेत होती आणि परत आली की फळ्यासमोर उभी राहत होती. मला तिचा राग यायचा, आणि तिच्याइतकं ताठ आपल्याला उभं राहता येणार नाही हेही कळायचं.

फळ्याच्या कोपऱ्यात तिनं पहिल्या दिवसापासून एक चौकट आखली होती: 'लाटा – नंतर'. जवळून जाताना कृष्णविवरं गुरुत्वाच्या लाटा सोडतात. त्या निघून जातात, त्यांचं पुढं पाहू, म्हणून तिनं त्या बाजूला ठेवल्या होत्या. चूक तिथंच होती. निघून जाणारी लाटही मागं त्या दोघांना हिसका देऊन जाते. तो हिसका गणितात मांडला आणि फुगणारा भाग कटून गेला. दुसरीकडचेही काहीजण त्याच सुमारास तिथं पोचले होते, हे तिनंच मला आधी सांगितलं, हसत हसत. मग बोटानं ती चौकट पुसली. पुढं पुण्याला चांगली जागा मिळाली, नाव झालं, पण गावी आली की घरी जायच्या आधी संस्थेत डोकवायची.

आता दर चमकत्या पाटीवर येतात. तरी वीज जाते म्हणून मी फळ्यावरही लिहितो, आणि खालच्या भागात कुणी लिहीत नाही. त्या सकाळी फोन ठेवल्यावर मी रांगेला सांगितलं. श्रद्धांजलीच्या चार ओळी लिहाव्यात म्हणून मी खालच्या भागाशी वाकलो, पण भगवानकाकांनी माझ्या हातातून खडू घेतला. त्यांनी मधोमध एक आडवी रेघ ओढली, वजाबाकीची, आणि खडू परत दिला.

"ताईचं हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

मी रोज सकाळी वरचे दर पुसतो... खाली फडकं नेत नाही.